दुपारी दोनची शाळा

मुंबईच्या माणसाला शहापूर तालुका ठाऊक असतो तो पाण्यामुळे. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच तालुक्यात. शेजारचा मुरबाड ठाऊक असतो तो माळशेज घाटाला जाताना वाटेत लागतो म्हणून, फार तर पौषात भरणाऱ्या म्हसा यात्रेमुळे. प्रौढशिक्षणाच्या इतिहासावर बोलायचं ठरलं तेव्हा पुणं-मुंबई बाजूला ठेवून मी हेच दोन तालुके निवडले. योजना कागदावर कशी होती आणि डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत तिचं काय झालं, हे इथे नीट दिसतं. शिवाय या भागात एक वर्ग मीही घेतला होता. तो मोडला. त्याचीही हकिकत सांगायची आहे.

आपल्याकडे मोठ्यांची शाळा म्हटली की रात्रीची शाळा, असं समीकरण फार जुनं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग आणि वाचनालयं चालवणं हे तिच्या कामातलं एक मोठं काम होतं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं आणि साक्षरतेच्या कामाला सरकारी पाठबळ मिळालं. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला उसंत मिळते ती दिवेलागणीनंतर. तेव्हा शाळा रात्री भरवायची, यात चूक काहीच नव्हती. पण ही वेळ पुढे इतकी रूढ झाली की ती कोणाच्या सोयीने ठरली होती, याचाच विसर पडला.

मुरबाडकडच्या बाईचा दिवस पाहा. पहाटे पाणी, मग चूल, मग शेत. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाळ्यात कमरेत वाकून भाताची लावणी करायची, पुढे कापणी-झोडणी. परतताना डोक्यावर सरपणाची मोळी. घरी आलं की पुन्हा चूल. रात्री आठ ही तिची भाकऱ्या थापायची वेळ. नवऱ्याचं आणि मुलांचं जेवण उरकून ती मोकळी होते, तेव्हा तिला डोळे उघडे ठेवणंही कठीण असतं.

आता अशीच एक बाई डोळ्यांपुढे आणूया. १९४६ साली या भागात जन्मलेली. म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ती वर्षाची होती. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दोन-चार वर्षांत राज्यभर पसरली. फार उमदी मोहीम होती ती. गावातल्याच शिकलेल्यांनी गावातल्या न शिकलेल्यांना शिकवायचं आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. वयाची अट चौदा ते पन्नास. आपली ही मुलगी त्या सुमाराला तेरा-चौदा वर्षांची. त्या काळी या वयात मुलींची लग्नं होत. नवी सून सासरच्या गावात रात्री घराबाहेर पडून पाटी घेऊन बसेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचायचं, असं त्याचं लक्ष्य. वयोगट पंधरा ते पस्तीस. आपली बाई बत्तीस वर्षांची, म्हणजे कागदावर बसत होती. पण बत्तिसाव्या वर्षी तिच्या पदरात चार पोरं आणि समोर लावणीचं शेत. मग १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. वयोगट पुन्हा पंधरा ते पस्तीसच. आता ती बेचाळीस वर्षांची होती. नियमाने बाद.

हा वयोगट ठरवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पैसा थोडा, निरक्षर अफाट. काम करणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या वयाच्या माणसांना आधी शिकवावं, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. केरळात एर्नाकुलम जिल्हा १९९० साली संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, तेव्हा देशभर उत्साहाची लाट आली होती. कलापथकं, पदयात्रा, भिंतींवर अक्षरं. त्या लाटेत मीही होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहापूर तालुक्यातल्या एका ठाकूरपाड्यावर मी आठवड्यातून चार रात्री वर्ग घ्यायला जाऊ लागलो. शाळेची पडवी, दोन कंदील, खडू आणि वाचनपाठाची पुस्तकं. हजेरीपटावर बावीस नावं, त्यांत चौदा बायका. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात बायका भिंतीला टेकून झोपू लागल्या. एक चाळिशीची बाई मात्र नेटाने यायची. खरं तर ती वयोगटाबाहेरची होती, मी तिचं वय कमी लिहिलं होतं. एके रात्री ती म्हणाली, "गुरुजी, शाळा दुपारची ठेवा की. भात खाऊन आम्ही दोन घटका बसतोच झाडाखाली."

मी म्हटलं, "दुपारी मला ऑफिस असतं, बाई."

उत्तर खरं होतं. पण वर्गाची वेळ माझ्या ऑफिसवरून ठरली आहे, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. रात्रीची वेळ मला स्वाभाविकच वाटत होती.

दिवाळी झाली आणि वर्ग संपला. पाडा वीटभट्टीवर गेला. या भागातल्या ठाकूर-कातकरी कुटुंबांचं हे वर्षाचं चक्र होतं आणि अजून पुष्कळ ठिकाणी आहे. पावसाळ्यात किंवा सणाच्या आधी भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोराबाळांसह भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपला की हिशोब होतो. हिशोबाची वही मालकाकडे. परत आल्यावर त्या बाईने मला सांगितलं की, वहीत दोन आठवड्यांची खर्ची जास्त लावली आहे असं तिला वाटतं. कारण त्या दोन आठवड्यांत पोर आजारी होतं आणि तिने पैसे उचललेच नव्हते. पण वही समोर उघडी असूनही तिला काही दाखवून देता आलं नाही. अंगठा उठवला आणि निघाली. मी शिकवलेल्या अक्षरांपैकी तिला पाच-सहा आठवत होती.

अंगठ्याचा हा इतिहास या जिल्ह्याला नवा नाही. पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगावकडे, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराचा लग्नगडी होऊन राबत असे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर वारल्यांचा लढा उभा राहिला. त्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा झाला तो १९७६ साली. कायद्याने कर्ज रद्द झालं, पण वहीत काय लिहिलंय ते वाचायची सोय कायदा करू शकत नव्हता.

आणि गंमत अशी की हिशोब लिहून ठेवण्याचा एक फार जुना नमुना याच परिसरात आहे. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडला जाणारा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा, म्हणजे गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, असं सगळं आकड्यांसह कोरलेलं. आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. पायथ्याच्या गावांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या त्या डोंगराखालून मोळ्या वाहत राहिल्या.

पुन्हा आपल्या बाईकडे वळू. २००९ साली साक्षर भारत योजना आली. आता वयाची वरची मर्यादा गेली होती. बाई त्रेसष्ट वर्षांची, तरी चालणार होतं. पण योजना होती ती २००१ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता पन्नास टक्के किंवा त्याहून कमी होती, प्रामुख्याने त्यांच्यासाठी. ठाणे जिल्हा त्यात बसेना. बसणार कसा? ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई इथल्या शिकलेल्या लाखो बायकांची सरासरी तिच्या नावावर जमा होती.

अशा रीतीने २०१६ साल उजाडलं आणि ती सत्तर वर्षांची झाली.

मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं शेतकऱ्यांचं छोटं गाव आहे, साधारण सत्तर घरांचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत योगेंद्र बांगर हे शिक्षक होते. त्या वर्षी फेब्रुवारीत शिवजयंतीच्या कार्यक्रमात पोथीवाचन चाललं होतं. तेव्हा काही म्हाताऱ्या म्हणाल्या की, आम्हालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं! असं वाक्य आपण सगळ्यांनीच घरात कधी ना कधी ऐकलेलं असतं आणि सोडून दिलेलं असतं. बांगर गुरुजींनी ते सोडलं नाही. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरं आणि गणवेशाची जबाबदारी घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या पंचवीस-तीस विद्यार्थिनी. गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी लुगडं. शिकवायला गावातलीच एक तरुण सून, तिची सासूही याच वर्गात.

शाळेची वेळ दुपारी दोन ते चार.

मला या शाळेच्या बातमीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच वाटला. गुलाबी लुगड्यांचे फोटो परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आले. त्यावर काही जण म्हणाले की हा प्रसिद्धीचा खेळ आहे, नव्वदीच्या बाईला बाराखडी शिकवून काय साधणार? गणवेशाबद्दल माझंही मन आधी साशंक होतं. पण असं बघा, एरवी म्हातारी एकटी घराबाहेर पडली तर 'कुठे निघालीस?' असं चार जण विचारतात. गुलाबी लुगडं आणि खांद्याला दप्तर असलं की कोणी विचारत नाही, ती शाळेला निघाली आहे हे गावाला दिसतं. लहानपणी मिळालेली नव्हती ती शाळा मिळायची तर दप्तरासकट मिळावी, असं त्यांना वाटलं असेल तर ते मला पटतं.

बाकी शाळेत घडलं ते साध्या शाळेसारखंच. बाराखडी, अंक, पाढे, प्रार्थना. घरी अभ्यास, आणि तो घ्यायला नातवंडं. प्रत्येक आजीने शाळेपाशी एकेक झाड लावलं आणि त्याला पाणी घालायची जबाबदारी तिची. काहींची नजर अधू, काहींना ऐकू कमी. आज शिकलेलं उद्या विसरायच्या, मग परवा पुन्हा तेच. जन्मभर अंगठा उठवलेल्या कितीतरी जणी आपलं नाव लिहायला शिकल्या आणि बँकेत सही करू लागल्या. जनगणनेच्या व्याख्येत नुसती सही येणारा माणूस साक्षर ठरत नाही. समजून वाचता-लिहिता यावं लागतं. व्याख्या बरोबरच आहे. पण बँकेत शाईचा पॅड पुढे सरकवला जातो आणि बाई तो बाजूला सारून पेन मागते, त्या घटनेला जनगणनेत रकाना नाही.

आणखी एक गोष्ट फांगण्याने दाखवली. योजनांनी ज्या वयाला बाद ठरवलं होतं, गावात हक्काची दुपार असते ती त्याच वयाला. तिशीची बाई शेतात नाहीतर भट्टीवर असते. सत्तरीची घरी असते, कामं सुनेकडे गेलेली असतात आणि दुपार खायला उठते.

२०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम राबवला जात आहे, 'उल्लास' या नावाने. पंधरा वर्षांवरच्या कोणालाही त्यात येता येतं. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात त्याची परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान परीक्षार्थीने आपल्या सोयीने यावं आणि पेपर लिहावा, अशी सवलत त्यात होती. १८५५ च्या रात्रशाळेपासून मोजलं, तर वेळ शिकणाऱ्याला विचारून ठरवायची हे सरकारी कागदावर यायला जवळजवळ एकशे सत्तर वर्षं लागली.

मध्यंतरी एकदा शहापूरकडे गेलो असता त्या पाड्यावर वाट वाकडी करून गेलो. ती बाई आहे. आता तिची नात कॉलेजला जाते. नातीने तिला नाव लिहायला शिकवलंय, दुपारीच, ओटीवर बसून. तिने मला लिहून दाखवलं. मग ती रेशनला निघाली होती म्हणून मीही बरोबर गेलो. दुकानात आता धान्य मिळतं ते यंत्रावर अंगठा ठेवून. विटा थापून आणि लावणी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्राने दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदा हात पदराला पुसून ठेवला तेव्हा घेतलं.

पिशवी उचलताना ती म्हणाली, "बघा गुरुजी, आता सही येते, तर ह्याला अंगठाच पायजे."