ग्लायडर वैमानिकांचे भूप्रशिक्षण

ग्लायडर वैमानिकांचे भूप्रशिक्षण किंवा ग्राउंड स्कूल म्हणजे शिकाऊ वैमानिकांसाठी जमिनीवर घेतला जाणारा सैद्धांतिक अभ्यासक्रम होय. बहुतेक ग्लायडरना इंजिन नसल्याने उतरण्याचा अंदाज चुकल्यास पुन्हा वर चढून दुसरा प्रयत्न करता येत नाही. त्यामुळे अनेक निर्णय उड्डाणापूर्वीच पक्के करावे लागतात.

परीक्षा

अमेरिकेत १४ व्या वर्षापासून ग्लायडर एकट्याने उडवता येते, तर खासगी वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी मिळू शकतो. एकट्याच्या पहिल्या उड्डाणापूर्वी शिक्षक स्वतः लेखी चाचणी घेतो. तीत नियम, स्थानिक विमानतळाची कार्यपद्धती आणि त्या ग्लायडरच्या मर्यादा यांवर प्रश्न असतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तराची उजळणी बंधनकारक असते. परवान्याच्या ज्ञानपरीक्षेत ६० प्रश्न असून उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात.

अभ्यासक्रमाची आखणी

केवळ ज्ञानपरीक्षेपुरती आखणी केल्यास नकाशावाचन व हवामान-अहवालांना बराच वेळ जातो आणि एकट्याच्या उड्डाणाआधी हवे असलेले विषय मागे पडतात. त्यांतील सर्वांत निकडीचा विषय म्हणजे दोर तुटणे. विमानाने ओढून नेताना सुमारे २०० फुटांखाली दोर तुटल्यास शक्यतो समोरच उतरावे, त्याहून वर असल्यास वारा पाहून धावपट्टीकडे वळावे, असे सर्वसाधारणपणे शिकवतात. मात्र ४५ अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. घाईने नाक वर ओढल्यास ग्लायडर गिरकीत सापडू शकते व एवढ्या कमी उंचीवर ते सावरण्यास जागा उरत नाही. म्हणूनच स्टॉल आणि दोर तुटणे हे पाठ एकत्र घेणे इष्ट ठरते.

अंतराचे गणित त्यानंतर येते. ३०:१ गुणोत्तराचे ग्लायडर शांत हवेत १,००० मीटर उंचीवरून ३० किमी जाते. परंतु समोरचा वारा व खाली जाणारी हवा यांमुळे हे अंतर बरेच घटते. शिकाऊ वैमानिकाने अनेकदा त्याच्या निम्मेच अंतर गृहीत धरावे, असे सांगितले जाते.

भारतात

भारतात ग्लायडर वैमानिकाचा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. पुण्यातील हडपसरचे ग्लायडिंग केंद्र त्याच्याच अखत्यारीतील असून तेथे विंचच्या साहाय्याने उड्डाणाची पद्धत आहे. विंचवर ग्लायडर तीव्र कोनात चढत असल्याने तार तुटताच प्रथम नाक खाली करून पुरेसा वेग मिळवावा लागतो आणि मगच उतरण्याची जागा ठरवावी लागते.