६६ पैकी ३८, आणि भाकरी?

मंडळी, गेल्या शनिवारी करमाडला जाऊन आलो. मोठ्या काकांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आठ महिने झाले. उजवी बाजू. भेटायला येणारा जो तो त्यांना हात वर करायला लावतो आणि "बराच फरक आहे" म्हणून चहा पिऊन जातो. फरक म्हणजे नेमका किती? फिजिओथेरपिस्टच्या कागदावर '६६ पैकी ३८' दिसलं, आणि रात्री लॅपटॉप उघडून या ६६ च्या मागे लागलो.

गोष्ट सुरू होते १९५१ साली. ट्विचेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पाहिलं की लुळा पडलेला हात वाटेल तसा सुधारत नाही, त्याला एक क्रम असतो. आधी खांदा-कोपर-मनगट सगळं एकदमच आखडतं. एकेक सांधा सुटा हलवणं नंतर जमतं. सिग्ने ब्रुनस्ट्रॉमबाईंनी याच क्रमाच्या पायर्‍या पाडल्या. आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या फुगल-मायर आणि सहकार्‍यांनी त्या पायर्‍यांना गुण दिले. जमत नाही ०, थोडं जमतं १, पूर्ण जमतं २. हाताचे एकूण ६६.

पण यात हात हलतो किती ते कळतं, कामाला येतो का ते नाही. १९८१ मध्ये लाइलने १९ कृतींची, ५७ गुणांची चाचणी आणली. लाकडी ठोकळे उचला, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओता. त्यात चक्क क्रिकेटचा चेंडूही आहे! आणि गटातली सगळ्यात अवघड कृती नीट जमली तर त्या गटाचे पूर्ण गुण, बाकीच्या करायच्याच नाहीत. हा कोड कुठल्याही रिव्ह्यूत पास झाला असता.

आपल्याकडे मात्र 'कामाचं काय?' हा प्रश्न या दोन्ही चाचण्यांच्या आधीच आला होता. मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा काढली. या शास्त्राचा पहिला प्रश्नच असा, की या माणसाला रोजचं काय करायचंय?

काकांना हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. शनिवारी जेवताना विचारलं. काकू भाकरी दुधात कुस्करून देतात, काका डाव्या हाताने चमच्याने खातात. म्हणाले, "आकडा वाढला रे, पण पंगतीत बसायची लाज वाटते. लग्नाला जाणंच सोडलंय."

थेरपिस्टना फोन केला. त्यांनी व्यायामात एक ओळ वाढवली: उजव्या हाताने भाकरी दाबून धरायची, डाव्याने तुकडा मोडायचा.

काल काकूंचा फोन आला. भाकरी दोनदा ताटाबाहेर गेली, तिसर्‍यांदा मोडली. ६६ मध्ये याला एकही गुण नाही. तरी ३८ चा तो कागद मी जपून ठेवलाय. हात तेवढा हलायला लागला नसता तर भाकरी धरणार कशाने?

असो. उद्या सोमवार!