बाबरनाम्यातला बर्फ आणि ऊस

बाबरचं नाव आज निघतं ते वादासाठीच. कुणी शिवी म्हणून घेतं, तर कुणी बचाव करण्यासाठी. या ओढाताणीत त्याने स्वतः लिहिलेला ग्रंथ वाचायचा मात्र राहून जातो. चगताई तुर्की भाषेतल्या ‘बाबरनामा’त लढाया आहेत, तशीच हवा, झाडं, पक्षी आणि फळांची बारीक नोंदही आहे. उंची वाढली की हवा थंड होत जाते, हे त्यात जागोजागी दिसतं.

१५०४ साली बाबरने काबूल घेतलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. शहराचं वर्णन करताना तो सांगतो, की इथून एका दिवसाच्या वाटेवर बर्फ कधीच न पडणारा मुलूख आहे आणि दोन तासांच्या वाटेवर अशी जागा आहे, जिथला बर्फ एखादा उन्हाळा सोडला तर वितळत नाही. फारसीत अशा उष्ण मुलखाला गर्मसीर आणि थंड मुलखाला सर्दसीर म्हणतात. १५०५च्या सुरुवातीला बाबर प्रथमच काबूलहून खाली निंगनहारकडे, म्हणजे आजच्या जलालाबादच्या भागात उतरला. तिथलं गवत, झाडं, जनावरं, पक्षी, इतकंच काय, माणसांच्या चालीरीतीही निराळ्या पाहून तो आणि त्याचे सोबती चकित झाले.

या नवलामागचा हिशेब सोपा आहे. काबूल समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, तर जलालाबाद जेमतेम ६०० मीटरवर. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे केवळ उंचीमुळे दोन्ही ठिकाणांत सुमारे आठ अंशांचा फरक पडतो.

डोंगरमाथा तर सूर्याच्या जवळ, मग तिथे गारवा का? कारण ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर चढते. वर दाब कमी असल्यामुळे ती पसरते आणि पसरताना निवते.

निंगनहारच्या दक्षिणेला सफेद कोह हा पर्वत आहे. त्याच्यावरचा बर्फ कमी होत नाही, म्हणूनच हे नाव पडलं असावं, असं बाबर म्हणतो. पायथ्याच्या खोऱ्यात मात्र बर्फ पडत नाही आणि दोहोंमध्ये अंतर असेल अर्ध्या दिवसाचं, हेही तो नोंदवतो. या पर्वताची शिखरं साडेचार हजार मीटरहून उंच आहेत.

बाबर नुसता पाहून थांबला नाही. याच उबदार पट्ट्यात त्याने १५०८-०९च्या सुमारास बाग-ए-वफा उभारली. तिथे संत्री, डाळिंबं होती. पुढे त्याने ऊस लावला, तो इतका चांगला आला की बुखारा आणि बदख्शानला पाठवला गेला. लाहोर जिंकल्यावर हिंदुस्थानातून केळी आणून लावली, तीही रुजली. थर्मामीटर अजून जन्माला यायचा होता. कुठे ऊस येतो आणि कुठे बर्फ टिकतो, यावरूनच मुलखाची हवा ओळखायची होती.

अकबराच्या सांगण्यावरून १५८९ मध्ये या ग्रंथाचा फारसी अनुवाद केला तो अब्दुर्रहीम खानेखाना यांनी. दोहेकार रहीम म्हणून आपण त्यांना ओळखतोच.

बाबरच्या लढायांचा हिशेब इतिहासाने जरूर करावा. पण पाचशे वर्षांपूर्वी बर्फ कुठवर होता आणि ऊस कुठे पिकत होता, हे सांगणारा साक्षीदारही तोच आहे. आज हिंदुकुशातल्या हिमनद्या आक्रसत चालल्या आहेत आणि काबूलच्या विहिरी खोल खोल जात आहेत. किती बदललं, हे कळण्यासाठी अशा जुन्या नोंदी लागतात. त्या बाबरच्या आहेत म्हणून मिटून ठेवल्या, तर नुकसान आपलंच आहे.