स्टीफन्सची ओवी : प्रेम, श्रद्धा आणि विषाद

१६१६ साली तिकडे शेक्सपियर वारला आणि इकडे गोव्यात राचोलला थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. स्टीफन्स इंग्रज, कॅथलिक. १५८५ नंतर इंग्लंडात कॅथलिक पाद्र्याला आसरा देणंही गुन्हा होता. कवी जॉन डनचा भाऊ त्यापायीच १५९३मध्ये तुरुंगात वारला. पुढे डनने पंथ बदलला. स्टीफन्सने श्रद्धा राखली, देश सोडला, १५७९मध्ये गोव्यात आला आणि मराठीच्या प्रेमात पडला. पण बघा, त्याच्या श्रोत्यांची जुनी पुराणं चर्चनेच बंद केली होती. ती पोकळी त्याने ओवीनेच भरली. श्रद्धेपायी देश सुटलेला माणूस, धर्म बदलताना पुराणं गमावलेल्यांसाठी लिहीत होता. क्रिस्तपुराण वाचताना हे दोन्ही विषाद ऐकायला हवेत.