टेकाडे भावजी ते आदेश भावोजी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात आले ते अटकेपार गेलेले झेंडे आणि शिंदे-होळकरांची संस्थाने. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की हेच आठवावयाचे. परंतु ज्या इतिहासाचे आपण स्वतः साक्षीदार आहोत, तो लिहून ठेवावयाचे आपल्या हातून राहून जाते. म्हणून मी एक घरगुती विषय निवडला आहे. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांवरून आपल्याशी मराठीत बोलणारी माणसे, आणि त्यांच्याशी जडलेले आपले नाते, हा तो विषय. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे, बी. ए. झाल्यावर केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि फायली चाळता चाळता पन्नाशी ओलांडली. तेव्हा उणेअधिक वाचकांनी सांभाळून घ्यावे.

परक्या माणसाला घरात घ्यावयाचे तर त्याला काहीतरी नाते द्यावे लागते, ही आपल्या समाजाची जुनी रीत. ओटीवर बसणारा पाहुणा निराळा आणि माजघरापर्यंत येणारा निराळा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि एका अनोळखी आवाजाने थेट माजघरात प्रवेश केला. हा आवाज कोणाचा मानावयाचा? मराठी नभोवाणीला याचे सर्वांत लोभस उत्तर सापडले ते 'पुन्हा प्रपंच' या कार्यक्रमात. प्रभाकर जोशी यांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे पंत ही तिघे एका मध्यमवर्गीय घरात बसून महागाईपासून पाहुण्यांपर्यंत कशावरही बोलत. आम्ही ते शेजारच्या खोलीतून कानावर पडावे तसे ऐकत असू. त्यांत 'भावजी' ही योजना मोठी मार्मिक होती. दीर आणि भावजय यांच्यांत थट्टेला मुभा असते, तरी मर्यादा सुटत नाही. बाहेरच्या जगाची बातमी घरात आणणारा, वहिनींची फिरकी घेणारा आणि वेळप्रसंगी त्यांची बाजू घेणारा भावजी कोणाला नको असतो?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ पासून होत होते; मुंबईचे केंद्र देशातील दुसरे. आता आवाजाला चेहरा आला. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडी संच होता आणि सायंकाळी त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडे. पडद्यावर निवेदिका येऊन हात जोडून नमस्कार करी, तेव्हा सतरंजीच्या कडेला बसलेल्या एक आजीबाई पदर सावरून उलट नमस्कार करीत. आम्ही मुले हसत असू. आज वाटते, त्या आजीबाईंना संवादाचे मर्म आमच्यापेक्षा अधिक कळले होते. भक्ती बर्वे यांच्यासारखी थोर अभिनेत्री त्या काळी या पडद्यावर निवेदन करीत असे, आणि स्मिता पाटील यांचा चेहरा मराठी घरांनी चित्रपटाआधी बातम्यांतच पाहिला. १९७४ पासून बातम्या देणारे प्रदीप भिडे २०२२ मध्ये निवर्तले, तेव्हा अनेकांना आपल्याच घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

मात्र या संवादात एक उणीव होती. निवेदिका बोले आणि आपण ऐकू; आपले बोलणे तिच्यापर्यंत कसे पोहोचावे? त्या काळी याचा एकच मार्ग होता, पोस्टकार्ड. प्रेक्षक पत्रे लिहीत, आणि त्यांतील निवडक पत्रांना पडद्यावरून उत्तरे मिळत. आपले नाव वाचले जाईल या आशेने माणसे आठवडेच्या आठवडे संचासमोर बसत. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' या कार्यक्रमाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्याच्या प्रेक्षकांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली आणि पडद्यावर ऐकलेल्या गोष्टी आपापल्या वस्तीत करून पाहावयास आरंभ केला. ज्या संवादाचे उत्तर केवळ पत्राने न देता कृतीने दिले गेले, त्याचे हे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

आता आपल्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्यांची कथा. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी मुंबईच्या परिसरात पोहोचत. १९७३ मध्ये पुण्यास सहक्षेपण केंद्र झाल्यावर त्या पुणेकरांसही लाभल्या. त्यापलीकडच्या मराठी घरांना त्यांचा उपयोग नव्हता. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील दोन-तीन वर्षांत देशभर प्रक्षेपक उभे राहिले. त्यातून एक विपरीत घडले. संच घरोघर आले, पण महाराष्ट्राबाहेरील मराठी घरात त्यावर मराठी क्वचितच उमटे. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत. त्यांत मराठीची पाळी येई, तो आपल्याकडे सणाचा दिवस. आपल्या मंडळातील ज्येष्ठ सांगतात की त्या दुपारी एकेका घरी पंधरा-वीस माणसे जमत आणि चित्रपट संपल्यावर चहा-पोहे होऊन मगच उठत. चित्रपट पाहता येई. पण आपल्याशी मराठीत बोलणारे मात्र पडद्यावर कोणी नव्हते.

ही कोंडी फुटली ती उपग्रहामुळे. नव्वदीच्या दशकात मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून देशभर दिसू लागले. त्या वाहिनीला २००० मध्ये 'सह्याद्री' हे नाव मिळाले. त्याआधी १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' सुरू झाली होती. तीच पुढे 'झी मराठी' झाली. सह्याद्रीवरील 'हॅलो सखी' आणि 'हॅलो डॉक्टर' या कार्यक्रमांनी पोस्टकार्डाची जागा दूरध्वनीला दिली. प्रश्न विचारावा आणि त्याच क्षणी उत्तर मिळावे, हे आजीबाईंच्या काळी स्वप्नातही नव्हते. येथेही नाते पाहा: दुपारच्या निवांत वेळी बोलावयास आली ती 'सखी'.

आणि २००४ मध्ये भावोजी परत आले. आदेश बांदेकर यांचा 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम त्या वर्षी सुरू झाला आणि २०२२ पर्यंत चालला. रविवार सोडून रोज सायंकाळी हे भावोजी कोणा ना कोणा वहिनींच्या घरी जात. लग्न कसे जमले, सासूबाईंशी पटते का, यजमान स्वयंपाकात मदत करतात का, असे विचारीत. खेळ घेत, उखाणा घ्यावयास लावीत आणि जिंकणारीला पैठणी देत. पूर्वी प्रेक्षक पत्राने किंवा दूरध्वनीने केंद्रापर्यंत जाई. आता निवेदकच प्रेक्षकाच्या दारी आला. यामागे प्रायोजकांचा पैसा आणि जाहिरातींचा बाजार होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तेच प्रश्न आणि तेच खेळ पाहून कंटाळणारेही होते. परंतु जिचे मत घरात कोणी कधी विचारले नव्हते, अशा असंख्य गृहिणींना या निमित्ताने चारचौघांत बोलावयास मिळाले, हेही तितकेच खरे. २०२० मध्ये महासाथीमुळे सारे घरी बसले, तेव्हा बांदेकरांनी आपल्या घरातूनच चित्रध्वनीद्वारे वहिनींशी गप्पा मारल्या.

येथे एक घरचा प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. २००८ साली माझी बदली या शहरात झाली. वडील नुकतेच गेले होते आणि आईला मी बरोबर आणले होते. तिला येथील भाषा येत नसे. आम्ही दोघे कचेरीत, मुले शाळेत. दिवसभर तिच्याशी बोलणारे कोणी नव्हते. सायंकाळी मात्र ती वेणीफणी करून, स्वच्छ लुगडे नेसून संचासमोर बसे. भावोजी घरात येणार म्हणजे नीटनेटके असावयास हवे, असे ती म्हणे. एके दिवशी पडद्यावरील एक वहिनी उखाण्यात अडखळल्या. आई सहज पुढे झाली आणि तिने उखाणा पुरा केला, तोही माझ्या वडिलांचे नाव घालून. जन्मभर तिने ते नाव उच्चारलेले मी ऐकले नव्हते. मी दाराआड उभा होतो, हे तिला ठाऊक नव्हते. भावोजींना तो उखाणा ऐकू गेला नाही. ते दुसऱ्याच वहिनींकडे वळले होते.

ही गोष्ट माझ्या पत्नीने मंडळातील एका वहिनींना सांगितली. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास त्या स्वतः आईला न्यावयास आल्या. आपले आता काय काम, म्हणून आई मागे सरत होती; वहिनींनी ऐकले नाही. तिळगूळ देऊन त्यांनी तिला सर्वांमध्ये बसविले आणि म्हणाल्या, "काकू, आम्हांला उखाणा हवा." आईने बराच वेळ मान वर केली नाही. नंतर तिने उखाणा घेतला. सभागृहात टाळ्या झाल्या, आणि परत येताना ती रिक्षात काही बोलली नाही. पुढील सहा वर्षे, म्हणजे ती होती तोवर, मंडळाचा एकही कार्यक्रम तिने चुकविला नाही.

आता आमची मुले भ्रमणध्वनीवर हवे ते, हव्या त्या वेळी पाहतात. ठरावीक वेळी घरी येणारे भावोजी त्यांना परिचित नाहीत. त्याबद्दल तक्रार करावी असे मला वाटत नाही. साधने बदलतच राहणार. मात्र आपल्या मंडळात गेली पन्नास वर्षे आपण एकमेकांस भावोजी, वहिनी, काकू म्हणत आलो आहोत. रक्ताचे नाते नसलेल्यांना दिलेली ही नाती आहेत, आणि येथे बोललेले ऐकावयास समोर माणूस असतो. नव्याने बदली होऊन आलेल्या घरात एखादी आई सायंकाळी एकटी बसलेली असेल, तर तिला न्यावयास आपल्यापैकी कोणी तरी जाईल, एवढी व्यवस्था पुढील पन्नास वर्षांसाठीही आपण ठेवली पाहिजे.