हळू आवाजातला विद्रोह

विद्रोह म्हणजे आरोळी, हे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. ते तपासायला लावणारी एक ध्वनिमुद्रिका ५ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेत निघाली. गायिकेचे नाव हेच तिचे नाव : 'ट्रेसी चॅपमन'.

चॅपमन १९६४ साली क्लीव्हलंड या कारखान्यांच्या शहरात जन्मली. कृष्णवर्णीय, आईने एकटीने वाढवलेली. शिष्यवृत्तीवर खाजगी शाळेत शिकली, पुढे टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र. त्या दिवसांत ती रस्त्यावर गिटार घेऊन गात असे. यंत्रवाद्यांच्या गजराच्या त्या काळात तिने अकरा साधी गाणी दिली. 'फास्ट कार'मधली मुलगी दारुड्या बापासाठी शाळा सोडते, दुकानात राबते, सुटकेचे स्वप्न पाहते. अखेर जोडीदारही बापाच्याच वाटेने जातो. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला या गाण्यात दया ऐकू येत नाही, हिशेब ऐकू येतो : एक शिकतो तेव्हा मागे कोण राहते? 'बिहाइंड द वॉल'मध्ये तर वाद्यच नाही. भिंतीपलीकडे बाईला मारहाण चाललेली, आणि पोलीस उशिरा येणारे.

११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, तुरुंगातल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मैफल झाली. स्टीव्ही वंडरच्या वाद्ययंत्राचा भाग हरवला; ती वेळ भरून काढण्यासाठी चॅपमन एकटी गिटार घेऊन पुन्हा उभी राहिली. जगाने ऐकले. १९८९ मध्ये तिला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

खरा प्रश्न पुढचा आहे. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने 'फास्ट कार' गायले आणि त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचे सर्वोत्कृष्ट गीताचे पारितोषिक चॅपमनला मिळाले. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. ज्या संगीताला बँजो आफ्रिकी गुलामांकडून मिळाला, त्याच्या दरबारात तिची नोंद व्हायला पस्तीस वर्षे आणि गोरा कंठ लागला! तरीही नोंद झाली, कारण गाणे तिच्या नावावर होते.

वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत 'वामन' ही नाममुद्रा येते. गाणे दुसऱ्याच्या गळ्यात गेले तरी कर्ता पुसला जाऊ नये, एवढे काम ती करते. आपल्या विद्यार्थ्यांनी वस्त्यावस्त्यांतून जलशांची गाणी गोळा करावीत. आणि गाण्याआधी गाणाऱ्याचे, रचणाऱ्याचे नाव लिहावे.