सव्वीस एप्रिलचा सोमवार

26 एप्रिल 1999. लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात दुपारपर्यंत सीपीयूचे डबे पायरीपर्यंत आले. बहुतेकांचं एकच रडगाणं: पंखा फिरतो, पण स्क्रीनवर अक्षर नाही, साधी बीपसुद्धा नाही. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला होता. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीखही तीच, म्हणून ते नाव त्याला चिकटलं.

हार्ड डिस्कचा सुरुवातीचा 1 एमबी तो पुसायचा आणि जमलं तर बायोसच्या फ्लॅश चिपमध्ये कचरा भरायचा.

चिपवरचा इलाज बघण्यासारखा. तसाच दुसरा, धडधाकट मदरबोर्ड फ्लॉपीवरून डॉसमध्ये चालू करायचा. बायोसची प्रत तोवर रॅममध्ये गेलेली असते. मग वीज चालू असतानाच चांगली चिप अलगद उपटायची, मेलेली बसवायची आणि फ्लॅश प्रोग्रॅम चालवायचा. चिप उलटी बसली की तीही गेली, बोर्डही! शहाण्याने करू नये असंच हे काम, पण चिप लिहिणारं वेगळं यंत्र परवडत कुणाला होतं?

डिस्कचं गणित निराळं. फॅट32 मध्ये फायलींच्या नोंदवहीच्या दोन प्रती असतात. मोठ्या डिस्कवर पहिलीच 1 एमबीहून मोठी, त्यामुळे दुसरी शाबूत राहायची आणि तिच्यावरून पहिली उभी करता यायची. फॅट16 वाल्यांच्या मात्र दोन्ही गेलेल्या. आणि ज्यांनी घाबरून आधीच फॉरमॅट मारून विंडोज चढवलं होतं, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात आमची संध्याकाळ गेली.